सुटका आणि ताटातूट : किंडरट्रान्सपोर्ट योजना व वॉल्टर कोन यांचे बालपण

प्रास्ताविक

नाझी राजवटीच्या ज्यू-संहारातून वाचलेल्या मुलांची कथा बहुधा मानवतेची विजयकथा म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. ज्या निर्णयाने ही मुले वाचली, त्याच निर्णयाने ती आईवडिलांपासून दुरावली. एका शास्त्रज्ञाच्या बालपणाच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजनेचे स्वरूप

९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनी व ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. यानंतर ब्रिटिश सरकारने १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश देण्याचे मान्य केले. मुलांनी एकट्याने यावे, त्यांचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये आणि त्यांचे वास्तव्य तात्पुरते असावे, अशा अटी होत्या. पालकांना या योजनेत स्थान नव्हते. बेकारीच्या त्या काळात प्रौढ निर्वासित स्थानिकांचा रोजगार हिरावून घेतील, ही भीती त्यामागे होती. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ रोजी हॅरिच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले ब्रिटनमध्ये पोहोचली. अमेरिकेत २०,००० मुलांसाठी १९३९ मध्ये मांडलेले असेच विधेयक मात्र मतदानापर्यंतही पोहोचले नाही.

एका मुलाची वाटचाल

वॉल्टर कोन यांचा जन्म १९२३ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. त्यांच्या वडिलांचा कलात्मक पोस्टकार्डांच्या प्रकाशनाचा व्यवसाय होता. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच तो जप्त झाला आणि कोन यांना शाळेतून काढण्यात आले. बहीण आधीच इंग्लंडला गेली होती. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्धाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, कोनही इंग्लंडला पोहोचले. ससेक्स परगण्यातील एका कुटुंबाने त्यांना आश्रय दिला. आईवडील मागेच राहिले. पुढे ऑश्विट्झ येथे त्यांची हत्या झाली.

आश्रय देणाऱ्या राज्याची दृष्टीही स्थिर नव्हती. १९४० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून कोन यांना स्थानबद्ध करण्यात आले व कॅनडातील छावणीत पाठविण्यात आले. १९४२ मध्ये सुटका झाल्यावर ते टोरांटो विद्यापीठात दाखल झाले. तेथील रसायनशास्त्र विभागात युद्धविषयक संशोधन चालत असल्याने त्यांना त्या इमारतीत प्रवेश नव्हता. म्हणून त्यांनी गणित व भौतिकशास्त्राची वाट धरली. याच कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

समारोप

कोन यांच्या यशामुळे योजनेचे मूल्य सिद्ध होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. नोबेल न मिळालेल्या मुलाचा जीवही तितकाच मोलाचा होता. शिवाय एकच मुलगा एका कागदावर ‘निर्वासित बालक’ आणि वर्षभरातच दुसऱ्या कागदावर ‘शत्रू’ ठरतो, हे ध्यानात घेतल्यास राज्यसंस्थेच्या करुणेच्या मर्यादा उघड होतात. किंडरट्रान्सपोर्टचा अभ्यास म्हणूनच दोन याद्या समोर ठेवून करावा लागेल : रेल्वेत बसलेल्या मुलांची, आणि त्यांना निरोप देऊन फलाटावर उभ्या राहिलेल्या आईवडिलांची.