जन्मतःच चोर ठरलेली पक्ष्यांची जमात

कावळ्यासारखं डोकं, माणसासारखे हातपाय, अंगभर काळी पिसं. पंख मात्र नाहीत. स्वतःचा आवाजही नाही. जे कानांवर पडलं असेल त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि त्यातूनच बोलायचं. दाराची करकर, बाजारातल्या बाईची हाक, पहारेकऱ्याचा दरडावलेला शब्द, अशा तुकड्यांतून एकेक वाक्य उभं करायचं. नावंही आवाजांचीच. एखाद्याचं नाव म्हणजे हातोडा आपटल्याचा आवाज.

हे केंकू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना ते चांगले ओळखीचे आहेत. न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ आणला. चारपाच जण टेबलाभोवती किंवा हल्ली डिस्कॉर्डवर जमतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि काय जमेल, काय फसेल हे फासे ठरवतात. पात्र घेताना आधी त्याची ‘रेस’ निवडायची: माणूस, एल्फ, ड्वार्फ, केंकू वगैरे. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिला ‘जमात’ म्हणायचो. हा शब्द लक्षात ठेवा.

केंकू या खेळात आले ते १९८१ सालच्या ‘फीन्ड फोलिओ’ या पुस्तकातून. तेव्हा त्यांचं रूप ससाण्यासारखं होतं आणि त्यांना पंखही होते. चोरटेपणा मात्र पहिल्या दिवसापासून चिकटलेला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते कावळ्यासारखे झाले, पंख गेले. ते का गेले, याची पूर्ण कथा २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये आहे. फार पूर्वी केंकू एका बलाढ्य शक्तीच्या चाकरीत होते. मालकाचा एक सुंदर खजिना पाहून त्यांना मोह झाला आणि त्यांनी चोरीचा बेत आखला. बेत तडीला जाण्याआधीच मालकाला कळला. त्याने तीन शाप दिले. पंख गळून पडले. नवं काही सुचण्याची शक्ती गेली. आणि गुपितं फोडता येऊ नयेत म्हणून आवाज काढून घेतला.

तेव्हापासून केंकू शहरांच्या कडेला टोळीने राहतात. सगळ्यात वयस्कर, सगळ्यात जास्त पाहिलेला-ऐकलेला केंकू टोळीचा म्होरक्या असतो. नक्कल करण्यात हातखंडा असल्यामुळे खोटे दस्तऐवज बनवणं, हेरगिरी, चोरी हीच त्यांची कामं. आणि सगळ्यांच्या मनात एकच ध्यास, पुन्हा उडण्याचा.

मी दोन वर्षं केंकू खेळलो. मजा यायची, कारण प्रत्येक वाक्य उसनं असायचं. दुकानदाराशी घासाघीस करताना आधीच्या सेशनमधल्या राजाचा आवाज काढायचा आणि सगळ्यांनी हसायचं. पण गोष्ट वाचताना एक प्रश्न डोक्यात राहिलाच. चोरीचा बेत केला पूर्वजांनी, तोही फसला. मग आज अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला शिक्षा कशाची?

पक्षीमानवांच्या जुन्या गोष्टी पाहिल्या तर असा हिशोब सहसा दिसत नाही. केंकूंचं मूळ ज्या जपानी तेंगूंमध्ये सापडतं, त्यांतल्या कारासू-तेंगूंना कावळ्याची चोच असते. हे तेंगू डोंगरात राहतात, भिक्षूंना छळतात, अहंकारी माणसांची खोड मोडतात. पण बाराव्या शतकातला वीर मिनामोतो नो योशित्सुने याला कुरामा डोंगरावर तलवारबाजी शिकवली तीही तेंगूंनीच, असं लोककथा सांगतात. म्हणजे तेंगू खोडकरही, गुरूही.

आपला गरुड तर थेट चोरी करतो. महाभारताच्या आदिपर्वातली कथा तुम्हाला माहीत असेल. आई विनता ही कद्रूची दासी झालेली, तिच्या सुटकेची किंमत म्हणून नागांनी अमृत मागितलं. गरुड देवांशी लढून अमृताचा कलश उचलून आणतो. त्या चोरीबद्दल त्याच्या वंशाला शाप मिळत नाही. उलट विष्णू त्याला वर देतो. गरुडाने चोरी का केली, हे गोष्ट विचारते. केंकूंच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही. ते चोर आहेत, कारण ते केंकू आहेत.

आणि इथे तो ‘जमात’ शब्द मला खुपायला लागला. कारण ‘अमुक जमात म्हणजे चोर’ हे वाक्य आपल्याकडे एका कायद्याने लिहून ठेवलं होतं. १८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ आणला. मराठीत गुन्हेगार जमाती कायदा. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा त्यामागचा युक्तिवाद. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे त्याची व्याप्ती वाढत जाऊन मुंबई इलाख्यातल्या जमातीही त्यात आल्या. सरकारने एखादी जमात यादीत घातली की तिच्यातल्या माणसांची नोंद होणार, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागणार, परवान्याशिवाय गाव सोडता येणार नाही. माणसाने स्वतः काय केलं, हा मुद्दाच नव्हता. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

यादीत गेलेल्यांमध्ये पारधी होते. त्यांच्यातले फासेपारधी म्हणजे फास लावून तित्तर आणि लावे पकडणारे, रानाची आणि पक्ष्यांची खडान्‌खडा माहिती असलेले लोक. उचल्यांचं तर जमातीचं नावच आरोप आहे. लक्ष्मण गायकवाडांनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिलं आणि त्या पुस्तकाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायद्याच्या पुस्तकातून ते वाक्य निघायला ८१ वर्षं लागली. लोकांच्या डोक्यातून ते अजून निघालेलं नाही. गावात चोरी झाली की पहिली चौकशी कुठल्या पालावर होते, हे कुणालाही विचारा.

केंकू लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पारधी होते, असं मी म्हणत नाही. पण दोन्हीकडे विचाराची चौकट एकच आहे. पूर्वजांचा गुन्हा रक्तातून उतरतो, स्वभाव जमातीचा असतो आणि माणूस, किंवा पक्षी, त्याचा फक्त नमुना असतो.

हे खेळ चालवणाऱ्यांनाही कळलं. जून २०२०मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने जाहीर केलं, की ऑर्क आणि ड्राऊ यांसारख्या जमाती सरसकट दुष्ट दाखवणं खऱ्या जगातल्या समाजांच्या बदनामीची आठवण करून देतं. २०२२च्या ‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’मध्ये केंकूंना स्वतःचं बोलणं मिळालं. त्यांचं निरीक्षण आणि अचाट स्मरणशक्ती हे आता वरदान म्हणून येतं. २०२४च्या नव्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला.

काही खेळाडू वैतागले. शाप गेला तर केंकूत उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. मला ते थोडं पटतंही, उसन्या आवाजात बोलायची गंमत मीही घेतली आहे. पण ती गंमत आजही घेता येते. तुमच्या केंकूने आवाज गमावला असेल तर तो कसा, कुणामुळे, हे आता तुम्ही ठरवायचं. ती त्या एकाची गोष्ट होते. आधी ती जन्माबरोबर सगळ्यांच्या वाट्याला यायची.

खेळात हे बदलणं सोपं आहे, नवं पुस्तक छापलं की झालं. आपल्याकडे कायदा जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी पालावरच्या पोराला अजून आधी हेच सिद्ध करावं लागतं, की त्याने काहीही चोरलेलं नाही.