गोदाकांठची मालगाडी

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत ज्वारी आणि कापूस हीं दोन पिकें पूर्वापार निघत आलीं आहेत. ज्वारी पेवांत जाई, कापूस बाजारांत जाई. आणि तो कोणत्या वाटेनें, किती दिवसांत व किती भाड्यानें समुद्रकांठीं पोंचतो, यावर कुणब्याच्या पदरांत काय पडावयाचें हें ठरत असे. म्हणून या जिल्ह्याचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास राजदरबारच्या दप्तरांत जितका सांपडेल, तितकाच स्टेशनांच्या मालधक्क्यांवरही सांपडेल.

आगगाडी येण्यापूर्वीं माल लमाणांच्या तांड्यांवर व बैलगाड्यांवर चाले. मीठ वर येई, धान्य व कापूस खालीं जाई. पावसाळ्यांत काळ्या चिखलांत चाकें आंसापर्यंत रुतत आणि वाहतूक जवळजवळ बंद पडे. एका तालुक्यांत धान्य महाग आणि पन्नास कोसांवर तेंच स्वस्त, हा प्रकार त्या काळीं नवलाचा नव्हता. कारण वाटेंत बैलांना जी वैरण लागे, तिचाच खर्च भावांतील फरक गिळून टाकी.

हैदराबाद संस्थानांतील पहिला लोहमार्ग १८७४ सालीं वाडीपासून सिकंदराबादेपर्यंत झाला. तो निजाम सरकारच्या पैशानें बांधलेला होता. पुढें १८८३ मध्यें तो लंडनच्या एका कंपनीकडे सोंपवून त्याचा विस्तार करावा असें घाटूं लागलें. कंपनीच्या भांडवलावर २० वर्षें दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी संस्थानानें द्यावयाची होती. या कराराच्या अटी लोकांपुढें मांडाव्या, अशी मागणी सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय व मुल्ला अब्दुल कय्यूम यांनीं पुढाकार घेऊन केली. मागणी साधी होती. पैसा प्रजेचा, तेव्हां हिशेबही प्रजेस कळावा. तिचें उत्तर म्हणून अघोरनाथांना हैदराबादेंतून हद्दपार व्हावें लागलें आणि करार व्हावयाचा तो झालाच. 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' या लांबलचक नांवांतील 'गॅरंटीड' हा शब्द त्या हमीची आठवण म्हणून पुढें कित्येक वर्षें राहिला.

परभणीस गाडी आली ती याच कारभाराखालीं. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड या वाटेनें सिकंदराबादेस जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळांत टप्प्याटप्प्यानें खुली झाली. तिची लांबी सुमारें ३९० मैल. याच सुमारास १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. १९०१ च्या शिरगणतींत परभणी जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांपूर्वींच्यापेक्षां कमी भरली. रूळ धान्य आणूं शकतात. तें विकत घेण्याची ऐपत आणूं शकत नाहींत, हा धडा जिल्ह्यास गाडीच्या पहिल्याच दिवसांत मिळाला.

या मार्गाचें पुढील सर्व भवितव्य एका मापानें ठरविलें. मुंबईहून मनमाडवरून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ५ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर चाले. गोदावरीचा मार्ग मात्र मीटर मापाचा, म्हणजे ३ फूट ३ इंचांहून किंचित् अधिक रुंदीचा बांधला गेला. लॉर्ड मेयो यांच्या सरकारनें १८७० मध्यें हें लहान माप हिंदुस्थानांत आणलें, त्यामागें काटकसर होती. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी. ज्या प्रांतांत माल बेताचा, तेथें एवढें पुरे, असा तो हिशेब. परंतु बांधणाऱ्याची काटकसर ही वापरणाऱ्याची काटकसर होतेच असें नाहीं.

मालाचा प्रवास कसा होई तें पाहिलें म्हणजे हें ध्यानांत येईल. शेतकरी कापूस गाडींत भरून सेलू, मानवत किंवा परभणीच्या पेठेंत आणी. जिनमध्यें सरकी निघे, प्रेसमध्यें रुई दाबून सुमारें ४०० पौंडांची गासडी बांधली जाई. गासड्या मालधक्क्यावर येत, वजन होई, आणि मालबाबू रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, करून देई. ही बिल्टी टपालानें मुंबईच्या अडत्याकडे जाई; जिच्या हातीं बिल्टी त्या पेढीचा माल, आणि तिच्याच आधारावर व्यापाऱ्यास आगाऊ रक्कमही उचलतां येई. मार्ग एकेरी असल्यामुळें समोरासमोर येणाऱ्या गाड्या स्टेशनांतच एकमेकींस वाट देत, आणि त्यांत मालगाडीचा मान सर्वांत शेवटचा असे.

परभणी ते मनमाड सुमारें १८० मैल आणि मनमाड ते मुंबई सुमारें १६०. वाट सरळ होती. पण मनमाडास रुळांचें माप बदले आणि तेथें प्रत्येक गासडी लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवावी लागे. हमालांच्या पाठीवरून हजारों गासड्या जात. तिकडून येणारें मीठ, कापड, लोखंड यांचीही तीच गत. उतरचढीची मजुरी, रिकाम्या डब्यांची वाट पाहणें, मालाची नासधूस, हें सारें अखेर मालाच्या किंमतींत मिसळे. आणि कापसाच्या बाजारांत शेवटचा भार पहिल्या माणसावर, म्हणजे पिकविणारावर, येऊन बसतो.

१९१२ मध्यें पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत सुमारें ५० मैलांची शाखा झाली. पूर्णा हें जंक्शन बनलें; तेथें इंजिनांची शेड आणि रेल्वेच्या नोकरांची वसाहत उभी राहिली. हिंगोलीच्या उत्तरेस अकोल्याचा रुंद मार्ग होता, परंतु रूळ मात्र दक्षिणेस पूर्ण्याकडे वळले. १९३० च्या आसपास परभणीहून गंगाखेडवरून गोदावरी ओलांडून परळीपर्यंत दुसरी शाखा गेली. पुढें विकाराबाद-बीदरकडून रुंद मार्ग परळीस येऊन मिळाला, आणि मनमाडप्रमाणें परळीसही मापाचा सांधा बदलूं लागला.

१ एप्रिल १९३० रोजीं निजाम सरकारनें कंपनीचा मार्ग विकत घेतला. दोनच वर्षांनीं, १९३२ मध्यें, याच रेल्वेनें २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरील वाहतूकही हातीं घेतली. सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें. १९५० मध्यें त्याची रेल्वे भारत सरकारकडे, १९५१ मध्यें मध्य रेल्वेंत आणि १९६६ मध्यें दक्षिण-मध्य रेल्वेंत गेली. १९६० च्या सुमारास हिंगोली-खांडवा मार्ग पुरा झाला आणि उत्तर व दक्षिण हिंदुस्थानचे मीटर मापाचे मार्ग परभणी जिल्ह्यांतून जोडले गेले. आडबाजूस पडलेलें पूर्णा अशा रीतीनें वाटेवर आलें. हिंगोली तर १९९९ मध्यें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें.

मापाचा प्रश्न मात्र सुटावयास आणखी तीस-चाळीस वर्षें लागलीं. १९९० नंतरच्या दशकांत मनमाड-परभणी-परळी मार्ग रुंद झाला, आणि पूर्णा-अकोला मार्ग २००८ मध्यें. ज्या दिवशीं परभणीचा डबा मनमाडास न उतरतां पुढें जाऊं लागला, त्या दिवशीं सुमारें नव्वद वर्षांचें एक कर्ज फिटलें. तें काढलें होतें थोडा खर्च वांचविणाऱ्यांनीं आणि तें फेडलें ज्यांना कोणी विचारलें नव्हतें त्यांनीं. १८८३ मध्यें हैदराबादेंत हिशेब मागणाऱ्या माणसांना हद्दपारी मिळाली. पण लोकांच्या पैशानें होणाऱ्या कामाच्या अटी लोकांस आधीं कळाव्या, ही त्यांची मागणी या मार्गाच्या साऱ्या इतिहासानें खरी करून दाखविली आहे.