जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमधील मंद प्रवेग

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमधील मंद प्रवेग म्हणजे मूठ पूर्ण पिळूनही स्कूटरने अपेक्षित वेग न घेणे. बोलीभाषेत याला 'पिकअप कमी होणे' किंवा 'गाडी ओढत नसणे' असे म्हणतात. हा स्वतंत्र बिघाड नसून निरनिराळ्या बिघाडांचे समान लक्षण आहे. इंधन, हवा, ठिणगी, सिलिंडरमधील दाब, धुराचा निचरा, शक्तीचे वहन आणि चाकांचे मुक्त फिरणे यांपैकी कोठेही अडथळा आला, तरी त्याचा परिणाम प्रवेगावर होतो. त्यामुळे सोप्या व कमी खर्चाच्या तपासण्या आधी आणि इंजिन उघडण्याची तपासणी सर्वांत शेवटी, असा क्रम पाळला जातो. या लेखात प्रामुख्याने बजाज चेतक व त्या धाटणीच्या, हाताने गियर बदलण्याच्या स्कूटरचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

इटलीतील पियाजिओ कंपनीने १९४६ मध्ये वेस्पा ही स्कूटर बाजारात आणली. १९६० च्या दशकात पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्याखाली वेस्पाचे उत्पादन केले. हा करार संपल्यानंतर १९७२ मध्ये कंपनीने 'चेतक' हे स्वतःचे मॉडेल आणले. महाराणा प्रताप यांच्या घोड्यावरून तिला हे नाव देण्यात आले. चेतकच्या इंजिनाची क्षमता १४५.४५ घन सेंटिमीटर असून सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव दोन्ही ५७ मिलिमीटर आहेत. इंजिन मागील चाकाच्या उजव्या बाजूस असते, तर क्लच व चार गियर डाव्या मुठीवरून चालवले जातात. उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली असली, तरी महाराष्ट्रातील शहरांत व गावांत या स्कूटर अद्याप वापरात आढळतात.

इंजिनाचे कार्य

टू-स्ट्रोक म्हणजे दोन धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते. दट्ट्या वर जाताना त्याच्या वरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या क्रँककेसमध्ये नवे मिश्रण ओढले जाते. दट्ट्या खाली येताना आधी धुराची खिडकी उघडते व नंतर क्रँककेसमधील मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. म्हणजेच क्रँककेस येथे पंपाचे काम करते. ती हवाबंद नसेल, तर कार्ब्युरेटर निर्दोष असूनही शक्ती घटते.

इंजिनाच्या आतील भागांना वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळले जाते. टूटी ऑइलचे प्रमाण सामान्यतः २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ठेवतात. या ऑइलचा काही भाग अर्धवट जळून काजळीच्या रूपाने साचतो. म्हणून धुराचा मार्ग तुंबणे हा या इंजिनांचा स्वाभाविक आजार मानला जातो.

लक्षणांवरून प्राथमिक अंदाज

बिघाड केव्हा जाणवतो, यावरून त्याचे स्थान बरेचसे ओळखता येते.

थंड इंजिन चांगले ओढते, पण तापल्यावर दम सोडते: इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर सदोष असणे, सिलिंडरभोवतीच्या पात्यांत माती साचणे.

संथ गती ठीक, पण मूठ जास्त उघडल्यावर अडखळते: मुख्य जेटमध्ये कचरा किंवा टाकीतून अपुरा पेट्रोलपुरवठा.

महिनोन्‌महिने हळूहळू शक्ती कमी होत जाते: सायलेन्सरमध्ये काजळी, सिलिंडर व कड्यांची झीज.

इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही: क्लच घसरणे.

चोक ओढल्यावर पिकअप सुधारते: मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त.

पांढरा दाट धूर येतो व गियर ऑइल घटत जाते: क्लचच्या बाजूचे ऑइल सील खराब.

तपासणीचा क्रम

चाके, ब्रेक आणि केबल

प्रथम स्कूटर न्यूट्रलमध्ये स्टँडवर घेऊन दोन्ही चाके हाताने फिरवून पाहतात. ब्रेक घासत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर निरोगी इंजिनही मंद भासते. थोडे अंतर चालवल्यावर चाकाचा ड्रम वाजवीपेक्षा गरम लागणे, ही ब्रेक धरून राहिल्याची खूण होय. अॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली असल्यास मूठ पूर्ण पिळूनही कार्ब्युरेटरची झडप अर्धीच उघडते. झाकण काढून झडपेची हालचाल पाहिल्यास हा दोष लगेच उघड होतो.

इंधनपुरवठा

चेतकमध्ये पेट्रोल टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले, तर आत निर्वात निर्माण होऊन प्रवाह मंदावतो. झाकण सैल केल्यावर स्कूटर पूर्ववत ओढू लागली, तर कारण तेथेच असते. इंजिन थंड असताना मोकळ्या जागेत कार्ब्युरेटरकडील नळी काढून पेट्रोलची धार तपासतात. धार थेंबथेंब येत असल्यास तोटीची जाळी साफ करावी लागते. स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची जुनी सवय अनेकांच्या स्मरणात आहे. रोजच तसे करावे लागत असेल, तर इंधनपुरवठ्याची तपासणी आवश्यक ठरते.

कार्ब्युरेटरचे जेट हवेच्या झोताने साफ केले जातात. तार किंवा टाचणी घातल्यास छिद्र मोठे होऊन मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या स्कूटरमध्ये पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेट बुजवतो.

हवा

एअर फिल्टर ऑइल व धुळीने भरल्यास मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. काळा धूर, ओला प्लग आणि जड पिकअप ही त्याची चिन्हे होत. चोक पूर्ण मागे न जाता अडकून राहिल्यासही हेच घडते. फिल्टर काढून स्कूटर चालवणे हा त्यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते आणि धूळ थेट दट्ट्यापर्यंत पोहोचते.

ठिणगी

प्लगचा रंग ज्वलनाची स्थिती सांगतो. विटकरी तपकिरी रंग योग्य मानला जातो. काळा व ओला प्लग जास्त पेट्रोल, जास्त ऑइल किंवा अशक्त ठिणगी दर्शवतो, तर पांढरट प्लग विरळ मिश्रण व अति उष्णता दर्शवतो. प्लगच्या टोकांतील अंतर साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते.

जुन्या मॉडेलमध्ये ठिणगीची वेळ पॉइंट ठरवतात. पॉइंटची टाच झिजली की ते उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. अशा वेळी स्कूटर सुरू होते, चालतेही, पण चढावर दम सोडते. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉडेलमध्ये पॉइंट नसतात. मात्र फ्लायव्हीलची चावी तुटून ते किंचित सरकल्यास दोन्ही प्रकारांत ठिणगीची वेळ चुकते.

सायलेन्सर

वरील सर्व बाबी ठीक असतील, तर धुराचा मार्ग तपासतात. नळी व सायलेन्सरमध्ये काजळी साचल्यास जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही आणि नव्या मिश्रणास जागा मिळत नाही. चांगल्या स्थितीतील दुसरा सायलेन्सर बसवून पाहणे ही सर्वांत खात्रीची चाचणी होय. सिलिंडरच्या धुराच्या खिडकीतील काजळी दट्ट्या पूर्ण खाली आणून लाकडी पट्टीने खरवडतात, म्हणजे धातूवर ओरखडे पडत नाहीत. सायलेन्सर विस्तवात भाजून साफ करण्याची पद्धत प्रचलित होती, परंतु तिच्यातून निघणारा धूर अपायकारक असतो.

क्लच आणि गियर

तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये चढावर मूठ वाढवली असता फक्त आवाज वाढत असेल, तर क्लच घसरत आहे. सर्वप्रथम क्लचच्या केबलला थोडी ढील आहे ना, हे पाहतात. ढील नसल्यास क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो. त्यानंतर प्लेट व स्प्रिंगची झीज तपासली जाते. गियर अचानक सटकणे हा मात्र निराळा दोष असून तो गियरच्या केबलशी किंवा आतील गियर निवडणाऱ्या भागाच्या झिजेशी संबंधित असतो.

दाब आणि ऑइल सील

किक हलकी लागणे हे सिलिंडरमधील दाब कमी झाल्याचे लक्षण आहे. दाबमापकाने खात्री करताना मूठ पूर्ण उघडी ठेवावी लागते. काजळीमुळे कड्या दट्ट्याच्या खाचेत चिकटल्या असतील, तर केवळ सफाई पुरते. सिलिंडर झिजला असल्यास तो बोअर करून मोठ्या मापाचा दट्ट्या बसवतात.

क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंस ऑइल सील असतात. फ्लायव्हीलकडील सील गळाल्यास बाहेरची हवा आत येते, मिश्रण विरळ होते आणि मूठ सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही. चेतकच्या वर्गातील इंजिनांत क्रँकशाफ्टच्या चकतीची कडा हीच मिश्रणाच्या प्रवेशाची झडप असते. त्या जागी ओरखडे पडल्यास नवा दट्ट्या बसवूनही पिकअप परत येत नाही.

चुकीच्या निदानाचे परिणाम

पिकअप कमी झाले की थेट बोअर करण्याचा निर्णय अनेकदा घेतला जातो. मूळ कारण सायलेन्सर किंवा केबल असेल, तर हा खर्च वाया जातो. शिवाय प्रत्येक बोअरनंतर सिलिंडर पुन्हा मोठा करण्यास कमी वाव उरतो. नवा दट्ट्या बसवल्यावर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर स्कूटर मध्यम वेगाने, जड भार न घेता चालवावी लागते.

विरळ मिश्रणाकडे दुर्लक्ष करणे अधिक धोक्याचे असते. इंजिन अति तापून दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो आणि मागील चाक धावत्या स्थितीत एकदम जाम होऊ शकते. अशा वेळी तत्काळ क्लच दाबल्यास चाक मोकळे होते. म्हणून चोक ओढल्यावर सुधारणारे पिकअप हे चोक ओढून चालवत राहण्याचे कारण नसून स्कूटर थांबवून तपासण्याची सूचना समजली जाते.

गियरविरहित स्कूटर

१९८० च्या दशकात आलेल्या ९८ सीसीच्या कायनेटिक होंडासारख्या स्कूटरमध्ये गियरऐवजी पट्टा व रुंदी बदलणाऱ्या पुलींची रचना असते. इंजिनाच्या तपासण्या सारख्याच असल्या, तरी शक्तिवहनातील दोष वेगळे असतात. पुढील पुलीतील रोलर एका बाजूने चपटे झाल्यास वेग धक्क्याने बदलतो. पट्टा झिजून अरुंद झाल्यास गुणोत्तराचा पूर्ण पल्ला मिळत नाही. केंद्रोत्सारी क्लचचे शू गुळगुळीत झाल्यास जागेवरून उठतानाच स्कूटर रेंगाळते.

सद्यस्थिती

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या व सील फुगू किंवा कडक होऊ शकतात, तसेच ते पाणी शोषून घेते. त्यामुळे दीर्घकाळ उभ्या स्कूटरमधील पेट्रोल काढून टाकणे हितावह ठरते. प्रमाणापेक्षा जास्त ऑइल मिसळल्याने इंजिन अधिक सुरक्षित होत नाही, उलट धूर व काजळी वाढून प्रवेग पुन्हा मंदावतो. नियमित सफाई, योग्य प्रमाणातील टूटी ऑइल आणि निर्दोष सील यांमुळे प्रवेग टिकतो व प्रदूषणही कमी राहते.