‘सेरशुदा’ आणि ‘संपृक्त’ : एका धड्याचा इतिहास

दहावीच्या विज्ञानात हायड्रोकार्बनचा धडा येतो आणि आपले अनेक विद्यार्थी तेथे अडखळतात. मिथेन, एथिलीन, ॲसिटिलीन ही नावे त्यांना परकी वाटतात. पालकही म्हणतात, “आमच्या घरात हे कोणी शिकले नाही.” परंतु आपल्या नांदेड-लातूर भागाचा या शास्त्राशी संबंध नवा नाही.

निजाम राजवटीत नांदेड हा जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील बाजारपेठेचे गाव होते. १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचे स्वतंत्र खाते, दारुल तर्जुमा, सुरू झाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे रसायनशास्त्रासह आधुनिक विद्या उर्दूतून शिकविण्यात येऊ लागल्या. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, पण माध्यम देशी होते. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर प्रा. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली एक ग्रंथच लिहिला. भाषेचे हे काम करणाऱ्या अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्या काळी मराठवाड्यातच, औरंगाबादेस होते.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या घरांतील मुलांना उर्दू ही आधी शिकून घ्यावी लागे. १९४८ नंतर चित्र पालटले. उस्मानियात इंग्रजी माध्यम आले आणि आपल्याकडे मराठी शाळा वाढल्या. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, तर लातूरला १९६१ मध्ये दयानंद महाविद्यालय व १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. आता उर्दूतून शिकलेल्यांना नवी भाषा गाठावी लागली. अडचण तीच राहिली, फक्त ती सोसणारे बदलले.

आता मूळ धड्याकडे वळू. मिथेनमध्ये कार्बनच्या एका अणूला चार हात असतात आणि चारही हातांनी हायड्रोजन धरलेला असतो. नवा पाहुणा आला तर आधीचा एक उठवावा लागतो. सूर्यप्रकाशात क्लोरीन मिथेनमधील हायड्रोजनची जागा घेतो, ही प्रतियोजन अभिक्रिया होय. एथिलीनमधील दोन कार्बन एकमेकांना दोन हातांनी धरून असतात. त्यातील एक पकड सुटली की नवे अणू सामावतात, ही समावेशन अभिक्रिया. म्हणूनच ब्रोमीनचे तांबूस पाणी एथिलीनमुळे रंगहीन होते. पहिल्यास मराठीत ‘संपृक्त’ म्हणतात आणि उर्दूत ‘सेरशुदा’, म्हणजे पोट भरलेला. एथिलीन अजून भुकेलेला आहे, एवढे समजले की निम्मा धडा समजला.

हे सारे आपल्या अवतीभवती आहे. अर्धापूरची केळी बंद खोलीत पिकतात, कारण फळ स्वतःच एथिलीन वायू सोडते. हे १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केले. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो, पण त्याने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. गोबरगॅसची निळी ज्योत मिथेनची असते. रॉकेलच्या चिमणीची काजळी म्हणजे हवा अपुरी पडल्याने न जळालेला कार्बन. लातूर ही तेलबियांची पेठ. तेल हा हायड्रोकार्बन नव्हे, परंतु निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिळवून वनस्पती तूप होते, तेव्हा तीच समावेशन अभिक्रिया घडते. फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी निकेलची ही किमया प्रथम एथिलीनवरच दाखविली आणि १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, उर्दू वा मराठीतून दहावी होऊन अकरावीला इंग्रजी वर्गात बसणारी हुशार मुलेही पहिले काही महिने गप्प राहतात. त्यांचे ज्ञान कमी नसते, शब्द बदललेले असतात. म्हणून वहीत प्रत्येक संज्ञा तिन्ही भाषांत लिहा आणि तिचा अर्थ आपल्या शब्दांत सांगून पाहा. पालकांनी माध्यमाची चौकशी अवश्य करावी, पण शाळेत प्रयोग प्रत्यक्ष होतात का, हेही विचारावे. गेल्या शंभर वर्षांत या धड्याची भाषा बदलत आली, पण ब्रोमीनचा रंग जाताना ज्याने स्वतः पाहिला, त्याला तो धडा कोणत्याही भाषेत आठवतो.