घरचा पडदा आणि गृहस्थाची थैली

व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून राज्ये उभी राहिलेली आणि लयाला गेलेली आपण पुष्कळ ऐकली आहेत. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती त्या मानाने क्षुल्लक आहे. घरात चित्रे दाखविण्याचे यंत्र आणि त्याच्यासमोर टांगायचा पडदा, एवढाच आमचा विषय. तो आम्हांला ग्रंथालयात सुचला नाही, घरात सुचला. आमच्या मातोश्रींना वयोमानाने चित्रपटगृहाचे जिने चढवेनात. तेव्हा चित्रपटगृहच घरी आणावे म्हणून आम्ही बाजारात गेलो, खोक्यावरचा भला मोठा आकडा पाहून एक स्वस्त प्रोजेक्टर घेतला आणि दुपारी तीन वाजता दिवाणखान्याच्या निळ्या भिंतीवर चित्र पाडले. भिंत दिसली, चित्र काही दिसले नाही. आई म्हणाली, “छान आहे रे, पण यात पाहायचं काय?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही साडेतीनशे वर्षे मागे गेलो.

जादूच्या कंदिलाचा जन्म १६५९ च्या सुमारास हॉलंडात झाला. ख्रिस्तिआन हायगेन्स हा त्याचा जनक. शनीभोवती कडे आहे हे ज्याने त्याच वर्षी जगापुढे मांडले, तोच हा शास्त्रज्ञ. पण आपल्या या अपत्याची त्याला लाजच वाटे. १६६२ साली वडिलांनी फ्रान्सच्या दरबारात दाखविण्यासाठी असा एक कंदील मागितला, तेव्हा हे पोरखेळाचे यंत्र आपल्या नावावर खपू नये म्हणून त्याची कोण धडपड! विद्वानाने टाकलेली वस्तू व्यवहारी माणसाने उचलली. थॉमस वाल्गेन्स्टेन याने ती युरोपात गावोगाव दाखविली आणि धनिकांना विकली. घरात पडद्यावर चित्र पाहण्याची हौस अशी श्रीमंतांच्या वाड्यात सुरू झाली.

पुढची दोनशे वर्षे अडचण एकच होती, ती प्रकाशाची. मेणबत्ती आणि तेलाचा दिवा यांच्या उजेडात चित्र कितीसे मोठे होणार? नाट्यगृहात चुन्याचा खडा वायूच्या ज्योतीत तापवून झगझगीत उजेड काढीत, पण तो खर्च आणि तो धोका घरगुती माणसाला कसा झेपावा? घरासाठी जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी पत्र्याचे छोटे कंदील केले. त्यांत रॉकेलचा दिवा असे आणि चित्रही लहानच पडे. मागून चित्र टाकायचे असल्यास मलमलीचा पडदा पाण्याने भिजवीत, म्हणजे त्यातून प्रकाश अधिक आरपार येई. जिथे दिवा वाढविता येत नव्हता, तिथे लोकांनी पडद्याला शहाणे केले.

आपल्याकडे हीच विद्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने लोकांपुढे आणली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे आणि त्यांच्या जोडीला निवेदन, संवाद व संगीत असा तो खेळ असे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला, त्याच्या चार वर्षे आधी महाराष्ट्रात पडद्यावर कथा सांगितली जात होती, ही गोष्ट आपण विसरू नये.

सिनेमा घरात शिरायला मात्र वेळ लागला, कारण त्या वेळची फिल्म भडाभडा पेटे. शिवाय दिव्याचेही भय होतेच. मे १८९७ मध्ये पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या ईथरच्या दिव्याने आग लागून शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. असे यंत्र दिवाणखान्यात कोण ठेवणार? पाथे कंपनीने १९१२ साली न पेटणारी २८ मिलिमीटर रुंदीची फिल्म आणि तिचे घरगुती यंत्र काढले. घरोघर वीज नव्हती, म्हणून हँडल फिरविले की त्याच हँडलाने छोटा डायनामो फिरून दिवाही लागे! १९२२ च्या नाताळात त्याच कंपनीने ९॥ मिलिमीटरचे ‘पाथे बेबी’ आणले. त्यातली काटकसर तर आपल्याकडच्या जुन्या गृहिणीने शिकावी अशी होती. मजकुराच्या पाटीसाठी फिल्मचे हातभर तुकडे खर्ची न घालता फिल्मच्या कडेला एक खाच ठेवीत. खाच आली की फिल्म आपोआप थांबे आणि एकच चित्र वाचून होईपर्यंत स्थिर राही. कोडॅकने १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म काढली. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, तीच फिल्म दोनदा उलटसुलट चालवून मधोमध चिरायची, अशी ८ मिलिमीटरची युक्ती काढली आणि खर्च आणखी उतरविला.

या इतिहासातून आम्हांला एक सूत्र दिसते. घरगुती यंत्र यशस्वी झाले ते थिएटरची नक्कल करून नव्हे, तर घराला काय नको हे ओळखून. १९८७ साली लॅरी हॉर्नबेक याने नखाएवढ्या तुकड्यावर सूक्ष्म आरशांची रांग बसविण्याची किमया केली आणि पुढे फिल्मच नाहीशी झाली. तरी सूत्र तेच राहिले.

मग आजच्या गृहस्थाने काय पाहावे? पहिली गोष्ट प्रकाश. प्रकाश मोजण्याची प्रमाणित रीत अशी की, पांढऱ्या चित्राच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून त्यावरून आकडा काढायचा. त्या रीतीचा उल्लेख नसलेला आकडा म्हणजे बाजारातली बढाई समजावी. दुसरी गोष्ट, यंत्र किती बारकाव्याचे चित्र ‘स्वीकारते’ हे विचारू नये, त्याचा स्वतःचा बारकावा किती हे विचारावे. तिसरी गोष्ट साधे क्षेत्रफळ. सहा फूट रुंद पडदा सुमारे २० चौरस फुटांचा, तर बारा फूट रुंद पडदा ८१ चौरस फुटांचा. रुंदी दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून चित्र पाव उजळ होते. चौथी गोष्ट खोली. काही यंत्रांना चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागते, म्हणजे सहा फुटांसाठी नऊ फूट. टेप घेऊन आधी खोली मोजावी, मग दुकान गाठावे.

आणि पडदा? पडदा प्रकाश निर्माण करीत नाही, तो फक्त वाटतो. चमकदार पडदा समोर बसलेल्याला जास्त देतो तो बाजूला बसलेल्याचे काढून. घरात माणसे पसरून बसतात, तेव्हा साधा, सपाट, निस्तेज पांढरा पडदाच न्यायी ठरतो. तोही परवडत नसेल तर गुळगुळीत भिंतीला पांढरा रंग द्यावा. सर्वांत स्वस्त उपाय तर काळोख आहे, त्याला दाम पडत नाही.

हे सारे शिकल्यावर आम्ही नवे यंत्र घेतले नाही. निळ्या भिंतीचा एक तुकडा पांढरा केला, चित्र बारा फुटांऐवजी पाच फुटांवर आणले, खिडक्यांना जाड चादरी लावल्या आणि दिवेलागणीनंतर आईला खुर्चीवर बसविले. तिने लहानपणी पाहिलेला चित्रपट लावला. अर्ध्या तासाने ती पुढची गाणी आधीच गुणगुणू लागली. त्या रात्री तिने काही विचारले नाही.