टायरचा सातबारा

ज्याने बी.कॉम.ला कॉस्टिंगचा पेपर दिला आहे आणि पुढे वीस-बावीस वर्षं बँकेत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजले आहेत, त्याची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा असते : एका ओळीत एकच माप. रुपये तर रुपये, टक्के तर टक्के. उद्या एखाद्या खातेदाराने पैसे काढायच्या स्लिपवर 'दोनशे पाच रुपये, त्याचे पंचावन्न टक्के, आणि वर सोळा पौंड' असं लिहून दिलं, तर आमचा कॅशियर स्लिप परत करील आणि खातेदाराला आधी पाणी विचारील.

आणि तरीही जगातल्या कोट्यवधी मोटारी नेमकी हीच स्लिप चारी चाकांवर मिरवत फिरताहेत. रस्त्याकडेच्या एखाद्या गाडीचा टायर वाकून बघा. (मालक जवळपास नाही, एवढं आधी बघा. टायरपाशी वाकलेला माणूस हवा सोडायलाच आलाय, यावर आपल्या समाजाचं एकमत आहे.) तिथे २०५/५५ आर १६ असं काहीतरी असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो सर्व्हे नंबरच वाटला. तसा तो नाही. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या पंचावन्न टक्के. आर म्हणजे रेडियल. आणि १६ हा रिमचा व्यास, चक्क इंचांत! मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत मांडीला मांडी लावून बसलेत.

हा सगळा प्रकार काय आहे म्हणून जरा खणायला घेतलं, तेव्हा कळलं, की माझा पहिला अंदाज फारसा चुकला नव्हता. तो सर्व्हे नंबर नसला, तरी सातबारा आहे. जमीन ज्याच्या-ज्याच्या हातून गेली त्याने आपलं नाव चढवलं, आणि आधीच्याचं पूर्ण पुसायची कुणाची छाती झाली नाही.

फार जुन्या मालकांपाशी थांबत नाही. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घेतलं होतं, ते सगळे विसरले, आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉपने बेलफास्टला तेच पुन्हा शोधून नाव कमावलं. बँकेत काम करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. कल्पना एकाची आणि प्रमोशन दुसऱ्याचं, हे चालायचंच.

आपल्याला आकड्यांशी कर्तव्य. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या मागच्या टायरवर ३० × ३½ असं असे. ३० म्हणजे टायरची बाहेरून बाहेर उंची, साडेतीन ही जाडी, दोन्ही इंचांत. तेव्हाचा टायर सायकलच्या ट्यूबसारखा गरगरीत, जेवढा रुंद तेवढाच उंच. रिम किती इंची, हे कुणी लिहीतच नसे. तीसमधून दोनदा साडेतीन वजा करा, उरले तेवीस. गिऱ्हाइकाला वजाबाकी येते असं धरून धंदा करण्याचे ते दिवस! पुढे तो विश्वास उडाला असावा, कारण बाहेरची उंची गेली आणि रिमचा व्यास लिहायची पद्धत आली. आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असे : सव्वापाच इंचांना जरा कमी रुंद, चौदा इंची रिम. १९६१ साली जॅग्वार कंपनीने ई-टाइप काढली, ताशी दीडशे मैलांचा डिंडिम पिटला, तेव्हा तिच्या पायात काय होतं? ६.४०-१५. म्हणजे जेमतेम १६३ मिलिमीटर. आज भाजी आणायला जाणारी स्विफ्टसुद्धा १८५चे टायर घालते. ई-टाइप चालवणारे लोक शूर होते एवढंच म्हणतो.

इथवर सगळं इंचांत आणि सुखात चाललं होतं. मग आले फ्रेंच. मिशेलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेऊन १९४९ साली 'एक्स' नावाचा टायर बाजारात आणला. आतले धागे तिरपे एकावर एक न घालता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ नेलेले, आणि वरून पोलादी तारांचा पट्टा आवळलेला. हाच रेडियल. टिकायला दणकट, वळणावर पकड चांगली. फ्रेंच माणूस इंच मानत नाही. त्यातून सितरोएन ही मोटार कंपनी १९३०च्या दशकातच मिशेलिनच्या ताब्यात आलेली, म्हणजे गाडीही घरची आणि टायरही घरचा. मग रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये : १६५-४००. सगळा कारभार एका मापात. एखादा ऑडिटर आनंदाने रडला असता.

पण रेडियल जगभर गेला आणि जगाच्या रिमा इंची होत्या. टायरवाल्याने रुंदी आपल्या मिलिमीटरमध्ये ठेवली, रिमवाल्याने आपला इंच सोडला नाही, आणि १६५ आर १३ असा आंतरजातीय विवाह होऊन गेला. आपण हसायचं कारण नाही. नवे पैसे १९५७ साली आले, पाठोपाठ मीटर-किलो आले. पण अजूनही आपण शर्टाचं कापड मीटरने घेतो आणि त्याच कापडासाठी छाती इंचांनी मोजून घेतो. शिंप्याला सेंटिमीटर सांगून बघा, तो तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघेल.

टक्के आले सर्वांत शेवटी, आणि ते आणले स्पोर्ट्स कूपेंनी. कूपे म्हणजे दोन दारांची, उतरत्या पाठीची गाडी. मागे दोघांची आसनं असतात, पण ते दोघे कोणत्या प्राणिवर्गातले, हे कंपनी सांगत नाही. जोरात वळताना टायरची उंच बाजू लवते आणि गाडी मागाहून विचार करून वळते. बाजू बुटकी केली की स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. पूर्वी बाजूची उंची रुंदीच्या ऐंशी-ब्याऐंशी टक्के असे आणि ती सगळ्यांची सारखीच, म्हणून लिहीत नसत. मग सत्तर आले, साठ आले, आणि १९७०च्या दशकात पिरेलीच्या पी-सेव्हन टायरने पोर्शच्या ९११ टर्बोला पन्नासवर आणून ठेवलं. आता टक्के लिहिणं भाग पडलं. बँकेतसुद्धा व्याजाचा दर सगळ्यांना एक होता तोवर कुणी विचारत नव्हतं.

यातूनच मोठ्या चाकांची हौस जन्मली. तिचा नियम सोपा आहे : रिम इंचाने वाढवा, टक्के कमी करा, पण बाहेरचा एकूण व्यास होता तेवढा ठेवा. तो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो.

हे सगळं मला शिकावं लागलं ते माझ्या भाच्यामुळे. तो जर्मनीत स्टुटगार्टला असतो आणि त्याने १९८५ची बीएमडब्ल्यू ६३५ सीएसआय घेतली. मुलीचे फोटो पाठवावेत तसे गाडीचे फोटो आले. दिसायला देखणीच! शार्कसारखं पुढे झुकलेलं नाक. मग फोन. "मामा, तुझं डोकं आकड्यांत चालतं. हिचे टायर फाटलेत, आणि जे चढतात ते टायर इथल्या कुठल्याच दुकानात नाहीत." टायरवर काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "२२०/५५ व्हीआर ३९०."

तीनशे नव्वद!

झालं होतं असं. १९७५ साली मिशेलिनने पुन्हा एकदा जगाला शिस्त लावायचं मनावर घेतलं आणि टीआरएक्स काढला. त्याच्या रिमची कड वेगळ्या आकाराची, बुटकी आणि बाहेर झुकलेली, त्यामुळे टायर आरामात लवतो आणि पकडही सोडत नाही. कल्पना खरोखर चांगली होती. पण या रिमवर भलताच टायर चढला तर प्राणाशी गाठ, म्हणून व्यास मुद्दाम असा निवडला की दुसरा चढूच नये : ३९० मिलिमीटर. इंचांत केलं तर सव्वापंधरा आणि साडेपंधराच्या मधे कुठेतरी. पंधराचा टायर नऊ मिलिमीटरने लहान, सोळाचा सोळा मिलिमीटरने ढगळ. १९७९ची फोर्ड मस्टँग, अनेक बीएमडब्ल्यू, मोठ्या मापात १९८४ची फेरारी टेस्टारोसासुद्धा या चाकांवर उभी राहिली. पण बाकीचं जग इंच सोडीना. दोन वर्षांत खुद्द फेरारी परत सोळा इंचांवर आली. मागे उरले ते आधीच गाडी घेऊन बसलेले लोक. जुन्या गाड्यांसाठी म्हणून मिशेलिन हे टायर अजून थोडे बनवते, पण भाव असा, की भाचा आकडा सांगताना थांबून पाणी प्यायला.

मी कागद घेतला. २२०चे पंचावन्न टक्के १२१, वर-खाली दोनदा म्हणून २४२, अधिक ३९०, एकूण ६३२. आता सोळा इंच म्हणजे ४०६.४. त्यावर २२५/५० चढवला तर येतात ६३१.४. आणि साधा २०५/५५? ६३१.९! चाळीस वर्षांचं फ्रेंच-जर्मन भांडण एका मिलिमीटरच्या आत टॅली झालं. बँकेत असा मेळ बसला की आम्ही लवकर घरी जातो.

भाच्याचा डोळा मात्र अठरा इंचांवर होता. मी त्याला बेरीज दाखवली : २३५/४० आर १८ म्हणजे ६४५. काटा शंभर दाखवील तेव्हा तू एकशे दोनने जात असशील, आणि दंड एकशे दोनचा होईल. शिवाय खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर १२१ मिलिमीटरवरून ९४वर येतं. "इथे खड्डे नसतात मामा," तो म्हणाला. परदेशात राहिलं की माणूस असा टाकून बोलतो.

मग त्याला कुठेशी स्वस्तात अमेरिकन चाकं सापडली, पाच बोल्टांचीच. इथे मात्र मी ओरडलो. बोल्ट ज्या वर्तुळात बसतात त्याचा व्यास बीएमडब्ल्यूचा १२०. जनरल मोटर्सचा पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५. ("जपानी तरी शहाणे ना?" तो म्हणाला. त्यांच्या कित्येक गाड्यांचा व्यास ११४.३ असतो. साडेचार इंचांना २५.४ने गुणून बघ म्हटलं.) फरक ०.६५ मिलिमीटर. चाक हाताने रेटलं तर बसल्यासारखं वाटतं, पण बोल्ट तिरके आवळले जातात आणि कधीतरी हायवेवर सैल होतात. पासष्ट पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेलो आहोत. लोक हसतात. हसू देत. तो पासष्टचा आकडा ताशी दीडशे किलोमीटरने फिरत असताना, आणि रस्त्याला टेकलेलं एकेका टायरचं रबर तळहाताएवढंच असताना, हसायचं काही सुचत नाही.

मिशेलिनचं काय झालं म्हणाल, तर तिने त्यानंतर पॅक्स नावाने तिसऱ्यांदा मिलिमीटरची रिम काढली. बुगाटीच्या व्हेरॉन गाडीला २००५ साली मागच्या बाजूला ५४० मिलिमीटरच्या रिमा होत्या. ती योजनाही चालली नाही. आमच्याकडे दर नवीन चेअरमन फॉर्म सोपे करायचं ठरवतो, त्याची आठवण झाली.

भाच्याने शेवटी सोळा इंची चाकं घेतली, वर २२५/५०. भारांक ९२, म्हणजे टायरमागे ६३० किलो. जर्मनीत मनाला येईल ते चाक लावून सुटता येत नाही. तपासणी करून गाडीच्या कागदपत्रांत ते माप चढवून घ्यावं लागतं, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते. तपासनीसाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासत नाही ना ते पाहिलं, बोल्ट मोजले आणि फेरफार नोंद केली. जुनी चार चाकं पोत्यात बांधून तळघरात ठेवलीत. ती विकू नकोस म्हणून सांगितलंय. पुढचा मालक मूळची चाकं मागतोच.