शुभंकरांचे स्वास्थ्य

द्विध्रुवी मनोविकार, अर्थात बायपोलर डिसऑर्डर, हा मनःस्थितीच्या दोन टोकांमध्ये माणसाला हेलकावे देणारा दीर्घकालीन आजार आहे. उन्मादाच्या काळात झोप कमी होते, बोलण्याला व विचारांना विलक्षण वेग येतो, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. अवसादाच्या काळात तोच माणूस अंथरुणातून उठण्यासही राजी नसतो. या दोन टोकांमधील स्थिर काळ महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षे टिकतो. आजार रुग्णाचा असला तरी त्याची झळ घरातल्या आणखी एका व्यक्तीला हमखास लागते. ती पत्नी असते, आई असते, क्वचित धाकटा भाऊ असतो. मराठीत अशा व्यक्तीसाठी 'शुभंकर' आणि रुग्णासाठी 'शुभार्थी' असे दोन समर्पक शब्द रुजले आहेत. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजेच 'सा', या संस्थेच्या कामात ते नित्य वापरले जातात. संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेणारे कॅनडास्थित प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी हे स्वतःच पत्नीचे शुभंकर होते.

या आजारातील शुभंकराची अडचण इतर आजारांहून वेगळी आहे. उन्मादात रुग्णाला आपण आजारी आहोत हे बहुधा मान्यच नसते. तो जिव्हारी लागेल असे बोलतो, उसनवारी करतो, नोकरी सोडून येतो. पुढे लाट ओसरते, अवसाद येतो आणि पश्चात्तापाने खचलेल्या त्याच माणसाला सावरायचे असते. मग झालेल्या अपमानाचा राग काढायचा कुणावर? आजारावर राग धरता येत नाही आणि माणसावर धरला तर स्वतःलाच अपराधी वाटते. हा गिळलेला राग शुभंकराच्या खच्चीकरणाचे मोठे कारण असतो. पण घरी येणारे नातेवाईक मात्र केवळ रुग्णाचीच चौकशी करतात.

स्थिर काळातही पहारा संपत नाही. आज तो जरा जास्त हसला, रात्री उशिरापर्यंत जागा राहिला, नवी खरेदी केली, अशा साध्या गोष्टींनी मनात पाल चुकचुकते. झोप कमी होणे हे उन्मादाचे पूर्वलक्षण असल्याने ही दक्षता सर्वस्वी अनाठायी नाही. मात्र प्रत्येक आनंदाकडे लक्षण म्हणून पाहिले की रुग्णही दुखावतो. यावर उपाय म्हणजे स्थिर काळात दोघांनी व डॉक्टरांनी मिळून धोक्याच्या खुणा लिहून ठेवणे, आणि त्या दिसल्यास काय करायचे, बँकेचे व्यवहार कोणी पाहायचे, हेही तेव्हाच ठरवणे. लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याची पातळी, थायरॉईड व मूत्रपिंडाच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. जुलाब, उलट्या वा उन्हाळ्यातील पाण्याची कमतरता यांमुळे ही पातळी धोकादायक वाढू शकते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही ती वाढते. हे शुभंकराला ठाऊक असावे. तथापि गोळ्या मोजणारा शिपाई होणे त्याच्या नशिबी येऊ नये. शक्य तितकी जबाबदारी शुभार्थीकडेच असावी.

घरातील सततची टीका, वैरभाव किंवा अतिगुंतवणूक यांचा आजार उलटण्याशी संबंध असल्याचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या संशोधनापासून मानले जाते. हे निष्कर्ष कुटुंबाला दोषी ठरवण्यासाठी वापरले जातात, तेव्हा अन्याय होतो. थकलेला माणूस चिडणारच. डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी विकसित केलेल्या कुटुंबकेंद्री उपचारात आजाराची माहिती, संवादाची तालीम आणि अडचणी सोडवण्याचा सराव ही तीन अंगे आहेत. भारतात १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले होते, हेही येथे नोंदवण्याजोगे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठ्याने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. या प्रतिनिधीला निदान व उपचारांची माहिती मागण्याचा आणि रुग्णालयातून घरी सोडण्याच्या नियोजनात सहभागाचा हक्क आहे. हा कागद शांत काळात करून ठेवला तर ऐन धामधुमीत रुग्णालयाच्या दारात होणारी ओढाताण बरीच कमी होते.

शुभंकराची स्वतःची झोप, औषधपाणी व मित्रमंडळ ही चैन नव्हे. आठवड्यातून काही तास दुसऱ्या नातेवाइकाने घरी थांबावे, ही मागणी स्पष्ट शब्दांत करावी. न मागता मदत क्वचितच येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, रडू आवरेना वा जगणे नकोसे वाटले, तर स्वतःसाठी डॉक्टर गाठावा, रुग्णाच्या भेटीतच उरकून घेऊ नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो. मराठीतूनही तेथे बोलता येते, आणि शुभंकरांनाही तो खुला आहे.